एक झडप, तेरा तास

पायाच्या बायपाससाठी शीर उलटी करून लावावी की जागेवर ठेवूनच वापरावी, हा सर्जनांमधला वाद साठ वर्षांहून जुना आहे. त्यावर परिषदा झाल्या, चाचण्या झाल्या. बायपास झालेल्या माणसाचा पाय शेवटी कापावा लागतो, तेव्हा मात्र कारण बहुतेक वेळा या वादाबाहेर सापडतं. ते कुठे सापडतं हे दाखवण्यासाठी, पाय कापायच्या निर्णयापासून मागे मोजलेला हा घटनाक्रम.

यातले अण्णा ही कोणी एक व्यक्ती नाही. रक्तवाहिन्यांच्या वॉर्डांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून हा रुग्ण उभा केला आहे. शस्त्रक्रियेच्या पद्धती, चाचण्यांचे आकडे आणि बंद पडलेल्या पायात तासागणिक होणारे बदल मात्र खरे आहेत.

आठ महिने आधी. सप्टेंबर, सकाळी ७.३०

अण्णा ६३ वर्षांचे. मधुमेह १७ वर्षांचा, विडी त्याहून जुनी. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. रात्री आडवं झालं की पाऊल ठणकतं, पाय खाटेखाली सोडला की थोडा आराम पडतो. अँजिओग्राफीत मांडीतली मुख्य धमनी बंद दिसते, गुडघ्यामागची खराब. घोट्याच्या आतल्या बाजूला एक धमनी अजून उघडी आहे. जांघेतून तिथपर्यंत रक्त नेणारी नवी वाट करायची आहे.

या वाटेसाठी सर्वांत चांगली नळी माणसाच्या स्वतःच्या पायातच असते. ग्रेट सॅफेनस व्हेन ही लांब शीर घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून वर जाते. सर्जन सोनोग्राफीच्या प्रोबने तिचा माग काढतात आणि मार्करने पायावर रेघ ओढत जातात. मांडीत व्यास ४.५ मिलिमीटर, गुडघ्याखाली ३.१. तीनच्या खाली गेलेली शीर लवकर दगा देते, म्हणून हे मोजमाप महत्त्वाचं. अण्णांची शीर काठावर पास होते.

शीर चांगली असेल तर शस्त्रक्रियेचं पारडं जड असतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत अशी शीर असलेले १,४३४ रुग्ण होते. घोट्याच्या वर पाय कापावा लागणं, पायावर पुन्हा मोठा उपचार करावा लागणं किंवा मृत्यू, यांपैकी काही ना काही शस्त्रक्रियेच्या गटात ४२.६ टक्के रुग्णांना झालं, तर धमनी आतून फुगा आणि स्टेंटने उघडलेल्या गटात ५७.४ टक्के रुग्णांना. ब्रिटनमधल्या बेसिल-२ चाचणीने पुढच्याच वर्षी गुडघ्याखालच्या आजारात उलट कौल दिला. त्यामुळे निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो. अण्णांच्या बाबतीत अडथळा लांबलचक आहे आणि शीर सलग आहे. बायपास ठरते.

सकाळी ९.१५

जांघेत आणि घोट्यापाशी चिरे घेतले आहेत. आता पद्धत निवडायची.

शिरेत ठरावीक अंतरावर झडपा असतात. पातळ पडद्यांच्या या जोड्या रक्त हृदयाकडे वर जाताना उघडतात आणि ते खाली घसरू लागलं की मिटतात. बायपासमध्ये रक्त वरून खाली न्यायचं असतं. म्हणजे शीर आहे तशी जोडली, तर पहिल्याच झडपेशी रक्त अडेल.

पॅरिसमध्ये ३ जून १९४८ रोजी झाँ कुन्लँ यांनी यावर सरळ उपाय केला. त्यांनी शीर काढली, उलटी केली आणि बंद धमनीच्या वर व खाली जोडली. उलट्या शिरेत झडपा रक्ताच्या वाटेतून आपोआप बाजूला होतात. त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. शिरेचं टोक धमनीच्या कुशीला जोडलं, त्यामुळे धमनीच्या बाजूच्या छोट्या फांद्या जिवंत राहिल्या. आजही बहुतेक बायपास अशाच जोडल्या जातात.

उलट्या शिरेची अडचण मापाची. शीर जांघेत रुंद आणि घोट्याशी अरुंद असते, आणि धमनीही तशीच निमुळती होत जाते. शीर उलटी केली की तिचं बारीक टोक जांघेतल्या जाड धमनीला येतं आणि रुंद टोक घोट्याच्या बारीक धमनीला. ऑस्लोच्या कार्ल व्हिक्टर हॉल यांनी १९६२ मध्ये दुसरी वाट प्रसिद्ध केली. शीर तिच्या जागेवरच ठेवायची, फक्त दोन टोकं सोडवून धमनीला जोडायची आणि आतल्या झडपा काढून टाकायच्या. हीच इन सिटू पद्धत. यात दोन्ही टोकांची मापं जुळतात, आणि शिरेच्या भिंतीला पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही तुटत नाहीत. झडपा काढणं किचकट असल्यामुळे पद्धत मागे पडली होती. अमेरिकेतल्या अल्बनीच्या रॉबर्ट लेदर यांच्या गटाने १९७९ पासून तिला पुन्हा उभं केलं. झडपा कापून टाकण्याऐवजी त्यांना चीर देऊन निकामी करणं पुरतं, हे त्यांनी दाखवलं.

तिसरा मार्ग मधला. शीर पूर्ण सोडवायची पण उलटी करायची नाही, झडपा निकामी करून हव्या त्या ठिकाणी बसवायची. शीर दुसऱ्या पायातून आणायची असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

अण्णांची शीर खालच्या बाजूला बारीक आहे आणि जोड घोट्यापाशी करायचा आहे. सर्जन इन सिटू निवडतात. निवड योग्य आहे.

सकाळी १०.५०

वरचा जोड पूर्ण झाला आहे. शिरेत धमनीचं रक्त सोडलं की ते पहिल्या झडपेशी थांबतं. खालच्या टोकातून व्हॅल्व्ह्युलोटोम नावाचं बारीक आकडेवजा पातं आत सरकवतात आणि हळूच मागे ओढतात. झडपेचा पडदा पात्यात अडकतो, फाटतो, रक्त पुढच्या झडपेपर्यंत धावतं. असं एकेक करत खाली यायचं. पातं जोरात ओढलं तर शिरेची भिंत फाटते, हलकं ओढलं तर पडदा अर्धवट राहतो. वाटेतल्या फांद्याही शोधून बांधाव्या लागतात. एखादी सुटली तर धमनीचं रक्त त्या फांदीतून थेट शिरांच्या जाळ्यात निघून जातं आणि पाऊल उपाशी राहतं.

गुडघ्याखाली साधारण चार बोटांवर, जिथे शीर बारीक होऊ लागते, तिथल्या झडपेचा एक पडदा पूर्ण फाटतो. दुसऱ्याचा अर्धा भाग भिंतीला धरून राहतो.

शीर उलटी लावली असती, तर हा अर्धा पडदा उरलाच नसता. पण मग दुसरे धोके आले असते. शीर सोडवताना ओढाताण होते. गळती तपासण्यासाठी ती जोराने फुगवली, तर आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. बोगद्यातून नेताना एक पीळ पडला तरी नळी बंद. दोन्ही पद्धतींच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून त्या शोधायच्या जागाही वेगळ्या असतात. न्यूयॉर्कमध्ये गुडघ्याखालच्या बायपासवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अडीच वर्षांनी उलट्या शिरांपैकी ६७ टक्के चालू होत्या, इन सिटू ६९ टक्के. फ्रान्समधल्या दहा वर्षांच्या चाचणीतही इन सिटूची सरशी दिसली नाही. पुढे १,४०४ रुग्णांच्या प्रिव्हेंट-३ अभ्यासात शिरेचा व्यास आणि दर्जा निर्णायक ठरले. ती कोणत्या दिशेने लावली याने फारसं बिघडलं नाही.

दुपारी १२.४०

चिमटे सोडले जातात. घोट्याशी बोट टेकवताच नाडी उसळते. सगळ्यांचे चेहरे सैल होतात.

अर्धा पडदा नाडी थांबवत नाही. तो दिसतो तो टेबलावरच काढलेल्या अँजिओग्राममध्ये किंवा शिरेवरून डुप्लेक्स, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीचा, प्रोब फिरवल्यावर. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि इन सिटू शिरेत ते वगळू नये. आज एक्स-रेचं यंत्र शेजारच्या थिएटरमध्ये अडकलं आहे, भूल देऊन चार तास होत आले आहेत, नाडी उत्तम आहे. जखमा शिवल्या जातात.

पाय वाचवण्याची ही पहिली संधी होती. सर्वांत स्वस्तही.

पाच महिने आधी. डिसेंबर

अंगठ्याचा काळा भाग काढून टाकल्यावर जखम भरली आहे. अण्णा चालत ओपीडीत येतात. तीन महिन्यांचा डुप्लेक्स स्कॅन होतो. गुडघ्याखाली रक्ताचा वेग सेकंदाला २२० सेंटिमीटर, आधीच्या भागाच्या साधारण अडीचपट. धोक्याची रेषा ३०० आणि साडेतीनपट, म्हणजे अजून वेळ आहे. फाइलवर शेरा पडतो: दोन-तीन महिन्यांत स्कॅन पुन्हा. शेरा इंग्रजीत आहे, आद्याक्षरांत आहे. घरी तो कोणालाही वाचता येत नाही.

शिरेच्या आत काय चाललंय? तिने जन्मभर अगदी कमी दाबाचं रक्त वाहिलं होतं. आता हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनीचा पूर्ण दाब तिच्यावर आदळतो. तो पेलण्यासाठी तिची भिंत जाड होऊ लागते, आणि ते आवश्यकही असतं. पण जिथे अस्तराला इजा झालेली असते, तिथे स्नायुपेशी वाढतच राहतात आणि पोकळी आतून अरुंद करतात. पहिल्या महिन्यानंतर दोन वर्षांपर्यंत शिरा बंद पडण्याचं मुख्य कारण हेच. उलट्या शिरेत हे बहुधा जोडांच्या जवळ होतं. इन सिटू शिरेत झडपांच्या जुन्या जागा त्याला आवडतात. अण्णांच्या शिरेतला अर्धा पडदा आता जाड वळ झाला आहे.

दोन महिने आधी. मार्च

कांदा काढणीला आला आहे. मजूर मिळत नाहीत, व्यापारी भाव पाडून मागतोय. पाय दुखत नाही, जखम नाही, अण्णा बांधावर उभे राहून काम पाहतात. शहरात जायचं म्हणजे एक दिवस, गाडीभाडं आणि स्कॅनचे पैसे. तपासणी पुढे ढकलली जाते. विडीही परत आली आहे, आधी दिवसाला दोन, मग मोजणं बंद. बायपासनंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांमध्ये ग्राफ्ट, म्हणजे जोडलेली शीर, बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो.

या महिन्यात स्कॅन झाला असता, तर वेग ३०० च्या वर दिसला असता. तेव्हा करायचं काम छोटं होतं. अरुंद भाग फुग्याने रुंदावायचा, किंवा तेवढीच जागा उघडून शिरेचं ठिगळ लावायचं. रुग्ण दोन-चार दिवसांत घरी गेला असता. प्रिव्हेंट-३ मध्ये वर्षअखेर काहीही न करता चालू राहिलेले ग्राफ्ट ६१ टक्के होते. बंद पडण्याआधी डागडुजी केलेले त्यांत धरले की आकडा ७७ वर गेला. मधले १६ टक्के वाचले ते वेळेत हाताळल्यामुळे.

सरसकट सगळ्यांचं वारंवार स्कॅनिंग करावं का, यावर मतभेद आहेत. ५९४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत २००५ मध्ये असं दिसलं की नियमित डुप्लेक्सने साध्या तपासणीपेक्षा जास्त पाय वाचले नाहीत. पण त्या दुसऱ्या गटाचीही तपासणी होत होती. नाडी पाहिली जात होती, घोट्याचा रक्तदाब मोजला जात होता. अण्णांना मार्चमध्ये यातलं काहीच मिळालं नाही, आणि त्यांच्या शिरेत दोष आहे हे तर डिसेंबरमध्येच कागदावर आलं होतं.

१९ तास आधी. मे, संध्याकाळी ७

आदल्या दिवशी भाचीच्या लग्नात जेवण झालं. सकाळपासून जुलाब, दुपारी दोन उलट्या. पारा चाळिशीपार. सून मीठ-साखरेचं पाणी करून देते. अण्णा दोन घोट घेतात आणि भांडं बाजूला ठेवतात. उलटीच्या भीतीने ॲस्पिरिनची गोळी घेत नाहीत. रक्तदाबाची मात्र घेतात.

१५ तास आधी. रात्री ११

अंगातलं पाणी कमी झालं आहे, दाब खाली गेला आहे, रक्त दाटलं आहे. शिरेतल्या अरुंद जागेतून एरवी दाबाच्या जोरावर निघून जाणारी धार आता रेंगाळते. पाटाचं पाणी मंदावलं की वळणावर गाळ बसतो, तशा त्या वळाच्या मागे प्लेटलेट्स चिकटू लागतात. त्यांच्यावर फायब्रिनचं जाळं, जाळ्यात तांबड्या पेशी.

अण्णांना पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतं. जुलाबानंतर गोळे येतातच, असं घरचे म्हणतात. ते खोटंही नाही.

१३ तास आधी. मध्यरात्री १

शीर बंद होते.

पाऊल एकदम पेटल्यासारखं दुखतं. अण्णा ओरडून उठतात. जुना आजार असलेल्या पायात छोट्या आडवाटा तयार झालेल्या असतात, आणि काही रुग्णांमध्ये त्या पायाला बराच वेळ तगवतात. इथे गुठळी वर जांघेकडे आणि खाली घोट्याच्या धमनीकडे पसरते, आणि त्या आडवाटांची तोंडंच बुजतात. आता घड्याळ सुरू झालं आहे. रक्ताविना मज्जातंतू सर्वांत आधी हार मानतात. स्नायू साधारण सहा तासांच्या पुढे कायमचे मरू लागतात. कातडी सर्वांत उशिरा. म्हणूनच बाहेरून पाय बराच वेळ बरा दिसतो.

१२ तास आधी. रात्री २

सून कोमट तिळाचं तेल चोळते. थोरला मुलगा गरम पाण्याची पिशवी तळव्याला लावतो. दोघंही मायेने करताहेत, आणि दोन्हींनी नुकसान होतं. गरम केलेल्या पेशी जास्त प्राणवायू मागतात, जो मिळणार नाही. बधिर होत चाललेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही.

या क्षणी एकच गोष्ट उपयोगाची होती, आणि ती सुनेच्या हातात होती. इन सिटू शीर कातडीच्या लगेच खाली असते. मांडीच्या आतल्या बाजूपासून गुडघ्याच्या आतून खाली बोट फिरवलं, तर तिची उसळी लागते. उलटी शीर स्नायूंच्या आतून नेली असेल तर ती अशी सापडत नाही. चाचण्यांच्या तक्त्यांत या फरकाला रकाना नाही, पण शेतातल्या घरात मध्यरात्री तो पाय वाचवू शकतो. गेले आठ महिने त्या घरात कुणीही ती उसळी कधी बोटाने पाहिली नव्हती, कारण घरी सोडताना ती कुणी दाखवलीच नव्हती. दाखवली असती, तर आज ती नाही हे कळायला अर्धं मिनिट लागलं असतं.

१० तास आधी. पहाटे ४

दुखणं उतरतं. अण्णा म्हणतात, "आता बरं वाटतंय, झोपा तुम्ही." घर सुटकेचा श्वास टाकतं.

या रात्रीतली ही सर्वांत वाईट बातमी आहे. वेदना सांगणारे तंतूच गप्प झाले आहेत. पावलाला स्पर्श कळत नाही, बोटं वर उचलता येत नाहीत. पायाच्या तीव्र रक्तबंदीचे सर्जन रदरफोर्ड यांनी टप्पे पाडले आहेत. फक्त बोटं बधिर झाली असतील तर थोडा वेळ असतो. बधिरपणा वर चढला आणि हालचाल मंदावली, तर तासाभराचाही उशीर परवडत नाही. अण्णा या दुसऱ्या टप्प्यात आहेत आणि गाढ झोपले आहेत.

८ तास आधी. सकाळी ६

गावातले डॉक्टर घरी येतात. जुलाब, कोरडी जीभ, पोटरीत गोळे: निदान सरळ वाटतं. सलाइन लावतात, वेदनाशामक इंजेक्शन देतात. सलाइन योग्यच आहे. पायावर पांघरूण आहे, पाय गार आहे असं कुणी सांगत नाही. दोन्ही पावलांवर एकाच वेळी हात ठेवले असते तर उजवं पाऊल दगडासारखं गार लागलं असतं.

६ तास आधी. सकाळी ८

सून पांघरूण काढते. पाऊल पांढुरकं, त्यावर निळसर चट्टे. जीप काढून तालुक्याच्या रुग्णालयात नेतात. तिथली तरुण वैद्यकीय अधिकारी घोट्याला हात लावते, जांघेतला जुना व्रण पाहते आणि विचारते, "यांची बायपास झालीय का? कार्ड कुठंय?" कार्ड घरी कपाटात आहे. ती थांबत नाही. हेपॅरिनचं ५,००० युनिटचं इंजेक्शन शिरेतून देते, म्हणजे गुठळी आणखी पसरू नये. १०८ ला फोन करते. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तवाहिन्यांचे सर्जन नाहीत, म्हणून थेट शहरात पाठवते. साडेआठपर्यंत रुग्णवाहिका निघते. एवढ्या रात्रीत अचूक वागलेली ती पहिली व्यक्ती. तिच्याकडे अण्णा सात तास उशिरा आले.

४ तास आधी. सकाळी १०

महामार्गावर. रक्त बंद होऊन नऊ तास. पोटरीच्या स्नायुपेशी फुटताहेत. त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन पायातच साचून राहिलं आहे. आता रक्त परत सोडलं, तर ते सगळं एकदम हृदयाकडे आणि मूत्रपिंडांकडे धावेल.

२ तास आधी. दुपारी १२

अपघात विभाग. डॉपलरचा पेन घोट्यावर टेकवला जातो. धमनीचा आवाज नाही. शिरेचाही नाही. चट्टे बोटाने दाबले तरी रंग बदलत नाही. पोटरी लाकडासारखी कडक, पाऊल हलत नाही, गुडघ्याखाली टोचलेलं कळत नाही.

सर्जन नातेवाइकांना बाजूला घेतात. रात्री दोन-तीनला आले असते, तर तीन गोष्टी शक्य होत्या. थॉमस फोगार्टी यांनी १९६३ मध्ये जगापुढे आणलेल्या फुग्याच्या नळीने गुठळी ओढून काढणं. किंवा शिरेत बारीक नळी ठेवून गुठळी विरघळवणारं औषध सोडणं. त्याला कित्येक तास लागतात, म्हणून पाय हलत असेल तेव्हाच ते परवडतं. आणि वाट मोकळी झाल्यावर तो वळ दुरुस्त करणं. सकाळी सातला आले असते, तरी गुठळी काढून पोटरीचे चारही कप्पे उघडून, म्हणजे फॅसिओटॉमी करून, काही स्नायू राखता आले असते. आता मेलेल्या पायात रक्त सोडणं म्हणजे माणसाचा जीव धोक्यात घालणं. पोटरी गेली आहे, म्हणून छेद गुडघ्याच्या वर घ्यावा लागेल.

शून्य. दुपारी २

अण्णा नकार देतात. "पाय कापला तर मला घरी नेऊ नका," म्हणतात. असा नकार गरिबाचाच असतो असं नाही. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांच्या डाव्या पायावर जानेवारी १९८० मध्ये ल्युब्ल्यानाला बायपास झाली. ती फसली. सल्ल्याला जगातले नामवंत सर्जन होते. पाय कापायला टिटो तयार नव्हते. मुलांशी बोलल्यावर राजी झाले आणि २० जानेवारीला पाय काढला गेला. ४ मे रोजी त्यांचं निधन झालं. सत्ता हाताशी असूनही फसलेल्या बायपासपुढे वेळ परत आणता आला नाही.

थोरला मुलगा बराच वेळ अण्णांच्या उशाशी बसतो. मग अण्णा स्वतःच कागद मागतात आणि अंगठा न देता सही करतात.

नंतर

काढलेल्या पायातली शीर उघडल्यावर सगळं एका जागी सापडतं. गुडघ्याखाली चार बोटांवर पांढरा, टणक वळ, त्यात दोऱ्याएवढी पोकळी, आणि तिच्यामागे ताजी गुठळी. बाकीच्या शिरेची भिंत वरपासून खालपर्यंत उत्तम आहे. इन सिटू पद्धतीने तिचं काम केलं होतं.

पद्धत बदलली असती तर अण्णांचा पाय वाचला असता, असं म्हणायला कोणताही अभ्यास आधार देत नाही. सप्टेंबरमध्ये टेबलावर वीस मिनिटं खर्च झाली असती तर तो वाचण्याची शक्यता खूप वाढली असती. डिसेंबरचा शेरा मराठीत असता, मार्चमध्ये कुणी फोन करून बोलावलं असतं, रात्री एकला शिरेवर बोट ठेवायचं सुनेला माहीत असतं, तरीही. हे सगळं कुठल्याही नव्या तंत्राशिवाय, जवळजवळ बिनखर्चाने करता येतं. देशात मधुमेही लोकांची संख्या दहा कोटींवर गेली आहे. पायाच्या बायपास वाढतच जाणार. मग ऑपरेशन थिएटरमधलं कौशल्य जितक्या अभिमानाने शिकवलं जातं, तितक्याच गांभीर्याने त्यानंतरची काळजी शिकवली गेली पाहिजे.

घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला एक मराठी कार्ड द्यावं, आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. त्यावर चार गोष्टी असाव्यात. शीर कोणत्या पद्धतीने लावली आहे आणि तिची उसळी कुठे लागते. पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे. रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर. आणि ठळक अक्षरांत: पाय अचानक गार पडला, बधिर झाला, पांढरा पडला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर शेकू नका, चोळू नका, दुखणं थांबलं म्हणून झोपू नका, त्याच तासाला निघा, आणि निघतानाच फोन करा.